बयानात सातबारा का येत नाही?

आपल्याकडे शुक्रवारी मशिदीत जे बोललं जातं त्याला तीन-चार नावं आहेत. जुम्याच्या नमाजेआधी मौलाना वीस-पंचवीस मिनिटं उर्दूत बोलतात ते बयान. जलशात, रात्री मांडव टाकून होते ती तकरीर. म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून वाज हा शब्द आहे. आणि दुसरी अजान झाल्यावर मिंबरावरून अरबीत जो पढला जातो तो खुतबा. हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठंही जा, हे शब्द लहान पोरालाही माहीत आहेत. त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न मात्र कुणी कुणाला विचारत नाही.

मी तो विचारून पाहिला. मी आलिम नाही. माझं शिक्षण इंजिनीअरिंगचं आणि धंदा सॉफ्टवेअरचा. पण शब्दकोश उघडायला सनद लागत नाही. तो उघडून पाहिल्यावर मला जे वाटतं ते आधीच सांगून टाकतो : ज्याला आपण बयान म्हणतो ते त्या शब्दाच्या अर्थानं बयान नाहीच. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना ते कळत नाही. आणि ते न कळणं काही लोकांच्या सोयीचं आहे.

आधी शब्द. ‘बयान’ अरबी आहे, बे-ये-नून या मुळाक्षरांतून आलेला. मुळात अर्थ वेगळं होणं, दोन गोष्टींत अंतर पडणं. एकमेकांत मिसळलेलं वेगळं केलं की दिसू लागतं, म्हणून पुढचा अर्थ स्पष्ट होणं, स्पष्ट करणं. कुराणात सूरह रहमानच्या सुरुवातीला अल्लाहनं माणसाला निर्माण केलं आणि त्याला बयान शिकवलं, असा आशय आहे. सूरह इब्राहीमची चौथी आयत तर या सगळ्या वादाचा निकालच लावते. आशय असा, की कुठलाही पैगंबर पाठवला तो त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवला, त्यांना स्पष्ट करून सांगता यावं म्हणून. तिथं ‘स्पष्ट करून सांगणं’ यासाठी जे क्रियापद आहे ते याच मुळाचं. म्हणजे लोकांची भाषा आणि बयान या दोन गोष्टी त्या आयतीत एकमेकींना बांधलेल्या आहेत. पहिली काढून घेतली तर दुसरी उरत नाही.

नवव्या शतकात बसऱ्यात जाहिज नावाचा मोठा लेखक होऊन गेला. त्याच्या गाजलेल्या ग्रंथाचं नावच ‘अल-बयान वत्-तबयीन’. त्याचं म्हणणं साधं होतं : मनातल्या अर्थावरचा पडदा जे दूर करतं आणि ऐकणाऱ्याला अर्थापर्यंत नेऊन पोचवतं, ते बयान, मग ते कुठल्याही मार्गानं होवो. याच ग्रंथात त्यानं मूसा अल-उसवारी नावाच्या एका वक्त्याची हकीकत दिली आहे. हा मूसा मजलिशीत बसायचा तेव्हा त्याच्या उजव्या हाताला अरब बसत आणि डाव्या हाताला इराणी. तो कुराणातली एक आयत वाचायचा, अरबांना तिचा अर्थ अरबीत समजावायचा, मग मान वळवून इराण्यांना तोच अर्थ फारसीत समजावायचा. त्याची कुठली भाषा जास्त चांगली, हे कुणाला सांगता यायचं नाही म्हणे.

बारा शतकं झाली या गोष्टीला. मान वळवायला किती वेळ लागतो? आपल्या मिंबराची मान अजून वळलेली नाही.

आता हाच शब्द आपल्या विदर्भात मशिदीबाहेर कसा वापरतात ते बघा. पुण्या-मुंबईकडे पोलिस ‘जबाब’ नोंदवतात. आपल्याकडे ‘बयाण’ घेतात. नागपूर-वर्ध्याच्या वर्तमानपत्रांत रोज हा शब्द असतो, तोही ‘ण’ लावून, पक्का मराठी करून. आणि ठाण्यात फिर्याद लिहून घेतली की ती फिर्यादीला वाचून दाखवली पाहिजे, असा कायदा आहे. कोर्टात साक्षीदाराला भाषा कळत नसेल तर दुभाषा लागतो. म्हणजे ठाण्यातल्या बयाणात, निदान कागदावर तरी, ‘कळलं का?’ ही अट आहे. मशिदीतल्या बयानात ती नाही.

तकरीरचंही तसंच. काफ-रे-रे हे मूळ. अर्थ स्थिर होणं, ठरणं. मराठीतला ‘करार’ त्याच घरातला. (‘तक्रार’ मात्र वेगळ्या मुळाची, तिचा मूळ अर्थ पुन्हा पुन्हा म्हणणं.) पेशवाईच्या काळात वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी दोघांकडून तकरीर लिहून घेत, म्हणजे ज्याचं त्याचं म्हणणं. त्यावर पुरशीस होई, म्हणजे विचारणा. ‘पुरशीस’ हा शब्द महाराष्ट्रातल्या कोर्टांत आजही चालतो. मला यात गंमत वाटते ती ही, की हे दोन्ही शब्द मराठीनं दोन-तीनशे वर्षांपूर्वीच आपलेसे केले आणि दोन्ही वेळा ते अशा बोलण्यासाठी वापरले, ज्याला समोरून प्रश्न येऊ शकतो. आपण मुसलमानांनी तेच शब्द अशा बोलण्यासाठी राखून ठेवले, ज्याला प्रश्न विचारणं बेअदबी समजली जाते.

राहिला खुतबा. त्याची मुळाक्षरं खे-तोय-बे. अर्थ कुणाला तरी उद्देशून बोलणं. ‘मुखातिब’ म्हणजे ज्याच्याकडे तोंड करून बोलायचं तो. याच मुळाचा ‘खिताब’ मराठीत येताना ‘किताब’ झाला; क्रीडापानावर ‘महाराष्ट्र केसरीचा किताब पटकावला’ असं छापतात तो हा. अनेकांना तो पुस्तकवाला किताब वाटतो, पण त्याची मुळाक्षरं वेगळी आहेत. आणि याच मुळाचा, फक्त एका स्वराच्या फरकानं, अरबीत आणखी एक शब्द आहे : खितबा, म्हणजे लग्नाची मागणी. खुतबा आणि खितबा सख्खे भाऊ. मागणी घालायला गेलात आणि मुलीकडच्यांना तुमचं अक्षरही कळलं नाही, तरी ते माना हलवत राहिले, तर त्याला कुणी सोयरीक झाली म्हणेल का?

हा उगाच विनोद नाही. खुतब्याला उत्तर यायचं, हे हदीसमध्ये आहे. बुखारीत हजरत अनस यांची रिवायत आहे. जुम्याच्या दिवशी पैगंबर (सल्ल.) खुतबा देत उभे होते. दारातून एक माणूस आत आला आणि तिथूनच म्हणू लागला, की जनावरं मेली, वाटा बंद झाल्या, पावसासाठी दुआ करा. त्याला कुणी खाली बसवलं नाही. पैगंबरांनी खुतबा चालू असतानाच हात वर केले, दुआ केली. आठवडाभर पाऊस लागला. पुढच्या जुम्याला परत तसाच एक माणूस दारात उभा, की आता पाऊस थांबावा म्हणून दुआ करा. परत हात वर झाले.

ही हदीस मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला आपल्या जिल्ह्यातला कापूस दिसतो. जूनमध्ये पेरलं, पावसानं ताण दिला, दुबार पेरणी, सप्टेंबरात अतिवृष्टी, बोंडं काळी. मदिन्यातल्या त्या माणसाच्या दोन्ही तक्रारी समुद्रपूर तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याच्या आहेत. पण त्यानं खुतब्यात उभं राहून बोलायचं तर आधी खुतबा त्याच्याशी बोलत असायला हवा.

मग हे बोलणं नुसतं पढणं कधी झालं? एक कारण राजे लोकांचं आहे. खुतब्यात ज्याचं नाव घेतलं जाईल तो सुलतान, असा रिवाज पडला. खुतबा आणि सिक्का, या दोन गोष्टी ज्याच्या नावानं, राज्य त्याचं. आपल्याच महाराष्ट्रात, दौलताबादेला 1347 मध्ये अलाउद्दीन हसन बहमन शाहची सत्ता उभी राहिली, तेव्हाही तिची खूण हीच होती. असल्या खुतब्यात लोकांना फक्त एक नाव ओळखू आलं की काम भागायचं. बाकीचं कळण्याची गरज नव्हती. उलट न कळलेलंच बरं. राजे गेले, नावं गेली, न कळणं तेवढं मागं राहिलं.

अरबी खुतब्याबद्दल मी इथं भांडत नाही, हे स्पष्ट करतो. त्यावर फकीहांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. ज्यांच्या मसलकानं आपण चालतो त्या इमाम अबू हनीफांनी अरबीखेरीज दुसऱ्या भाषेतला खुतबा ग्राह्य मानला. त्यांच्या दोन्ही मोठ्या शिष्यांनी, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी, अरबी येत नसेल तरच, अशी अट घातली. देवबंद आणि बरेलीचे उलमा अरबीचाच आग्रह धरतात. मक्केतल्या राबिता अल-आलम अल-इस्लामीच्या फिकह परिषदेनं 1980 च्या दशकात निर्णय दिला, की अरब नसलेल्या देशांत खुतबा ग्राह्य होण्यासाठी अरबी ही अट नाही. ज्यांना हा वाद घालायचा त्यांनी घालावा. माझा मुद्दा त्याहून सोपा आहे. अरबी खुतब्याआधी जे उर्दू बयान होतं, ते तर कुणाच्याच मते इबादतीचा अर्कान नाही. ते मुळी सुरू झालं तेच लोकांना अरबी कळत नाही म्हणून. म्हणजे बयान हा अनुवाद आहे. आणि ज्याला अनुवादाचाच अनुवाद लागतो, त्याचा उपयोग काय?

इथं कुणी म्हणेल, उर्दू कळत नाही हे कोण म्हणतं? आपण घरी काय बोलतो?

घरी आपण जे बोलतो ते मी सांगतो. ‘अम्मी, वो पऱ्हाटी में डवरा चल रहा क्या?’ ‘वखर का दिन है, पोट्टे को भेज.’ ही आपली बोली आहे, वऱ्हाडीच्या मांडीवर वाढलेली, आणि मला ती फार प्रिय आहे. पण ती मौलानांची उर्दू नव्हे. आमच्या पिढीतले बहुतेक मराठी शाळांत शिकले. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, पुढं इंग्रजीत. उर्दू लिपी मला नानीनं शिकवली म्हणून वाचता येते, आणि तीही अडखळत. जिल्ह्यात मुसलमानांचं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच कमी आहे, खेड्यांत तर दहा-वीस घरं असतात. तिथं उर्दू शाळा कुठून येणार? अशा खेड्यातल्या, आठवी शिकलेल्या, दिवसभर कापूस वेचून आलेल्या माणसासमोर इजाफत लावलेली लखनवी वाक्यं टाकली की तो काय करतो? तो ‘सुब्हानल्लाह’ म्हणतो. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. स्क्रीनवर माणसाला न कळणाऱ्या भाषेत सूचना आली की तो न वाचता ‘ओके’ दाबतो. सर्व्हरवर नोंद होते : वापरकर्त्यानं सूचना वाचली.

आता फुफीची गोष्ट.

दादा वारले तेव्हा सहा एकर कोरडवाहू होतं. दोन मुलगे, एक मुलगी. सूरह निसाच्या अकराव्या आयतीप्रमाणे हिशेब पाचवीतलं पोरगं करेल : दोन, दोन आणि एक, दादी आधीच गेल्या होत्या. फुफीचा वाटा पाचवा, म्हणजे एक एकर आठ गुंठे. दादांच्या चाळिसाव्यानंतर दोन महिन्यांनी फुफीला माहेरी बोलावलं, जेवण झालं, साडीचोळी झाली, आणि दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात तिनं हक्कसोडपत्रावर अंगठा दिला. अंगठा, कारण तिला सही येत नव्हती. तलाठ्याकडं फेरफार झाला, सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं. माहेर तुटू नये म्हणून बाया काय काय सोडतात, हे आपल्याला माहीत आहे. आपले हिंदू शेजारीही हेच करतात, हाच कागद, हीच साडीचोळी. या एका बाबतीत वर्धा जिल्ह्यात पूर्ण धार्मिक ऐक्य आहे.

माझे अब्बा आणि चाचा पाच वक्ताचे नमाजी. जुम्याला पहिल्या सफमध्ये. त्यांनी आयुष्यात विरासतीवरचं बयान ऐकलं नव्हतं का? ऐकलं होतं, मीही त्यांच्याशेजारी बसून ऐकलं होतं. ‘तरका’, ‘असबा’, ‘जविल फुरूज’, ‘बेटीयों का हिस्सा’. आवाज चढला, डोळे पाणावले, जहन्नमची आग वर्णन झाली. सगळे थरारले. आणि एकाच्याही मनात हे आलं नाही, की हे आपल्या खसऱ्याबद्दल चाललंय. कारण त्या बयानात ‘सातबारा’ हा शब्द नव्हता. ‘हक्कसोड’ नव्हता. ‘फेरफार’ नव्हता. मौलाना ज्या तरक्याबद्दल बोलत होते तो अरबस्तानातला, उंटांचा आणि खजुरांचा. अब्बांच्या डोक्यात जो होता तो गट नंबरवाला. दोघांची गाठच पडली नाही.

मी अब्बांना दोष देऊन मोकळा होणार नाही. चार वर्षांपूर्वी मी त्यांना तोच हिशेब मराठीत कागदावर मांडून दाखवला, गट नंबर टाकून. त्यांनी बराच वेळ कागद हातात धरला आणि विचारलं, ‘ये मौलानाने कभी ऐसा क्यों नही बोला?’ हा प्रश्न मी पुढं ढकलतोय. खरंच, का नाही बोलले?

माझं उत्तर कडू आहे. असं बोललं तर मशिदीत बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पोटात दुखेल. ट्रस्टींच्या दुखेल, कारण त्यांच्याही बहिणींनी अंगठे दिलेत. मौलानांचा पगार त्या ट्रस्टींच्या हातात. तुटपुंजा पगार, तोही महिना उलटून. उंटाच्या वाटणीवर बोललं तर कुणाचंच काही जात नाही. न कळणारी भाषा ही या अर्थानं सगळ्यांची सोय आहे : बोलणाऱ्याला बोलल्याचं समाधान, ऐकणाऱ्याला ऐकल्याचा सवाब, आणि जमीन जिथल्या तिथं. फक्त जिचा वाटा जातो ती त्या सफेत बसलेली नसते. बहुतेक मशिदींत तिला जागाच नसते.

1937 च्या शरियत कायद्याबद्दल आपण एवढं भावनेनं बोलतो. त्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमिनीचे प्रश्न वगळलेत, हे किती जणांनी मिंबरावरून ऐकलं? ज्या जिल्ह्यात मालमत्ता म्हणजे शेतच, तिथं ही गोष्ट सांगायला एक जुमा मिळू नये?

आता आक्षेप. पहिला हा, की उर्दू आपली ओळख आहे, ती सोडली तर आपण संपू. उर्दू सोडा असं मी म्हणतच नाही. ती शिका, तिच्यातलं वाचा. पण ती दीनची भाषा आकाशातून उतरून झाली नाही. दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी अठराव्या शतकात कुराणाचा फारसी अनुवाद केला, कारण तेव्हा शिकलेल्यांची भाषा फारसी होती. त्यांचे पुत्र शाह अब्दुल कादिर यांनी 1790 च्या सुमारास उर्दू अनुवाद पुरा केला, कारण बाजारातली भाषा बदलली होती. बाप-लेकांच्या एका पिढीत भाषा बदलली आणि दीन जागच्या जागी राहिला. पुढं मौलाना अशरफ अली थानवी यांनी बायकांना कळावं म्हणून सोप्या उर्दूत ‘बहिश्ती जेवर’ लिहिलं. म्हणजे उलमांनी उर्दूला मेहनतीनं दीनची भाषा बनवलं, लोकांना कळावं एवढ्याच कारणासाठी. आज वर्ध्यात त्याच कारणानं मराठी लागते. त्या बुजुर्गांचं अनुकरण करायचं तर त्यांची भाषा उचलायची की त्यांचं काम?

दुसरा आक्षेप : मराठीत या गोष्टींना शब्द नाहीत. या आक्षेपावर मला हसू येतं. तहसील ऑफिसातलं हे मराठी बघा : ‘मयताच्या मालमत्तेवर वारसाचा हक्क’. मयत अरबी, माल-मत्ता अरबी, वारस अरबी, हक्क अरबी. चार नामं, चारही अरबी, आणि तरीही शुद्ध सरकारी मराठी, जे कोणत्याही जातीच्या शेतकऱ्याला कळतं. कर्ज, अर्ज, तहसील, जमीन, दस्त, तारीख. आपल्या दीनची आणि दुनियेची अर्धी शब्दसंपत्ती मराठीत आधीच येऊन बसली आहे. आपणच तिला ओळख देत नाही. गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांच्या दर्ग्यात जाऊन उभे राहा आणि लोक मन्नत कोणत्या भाषेत मागतात ते ऐका. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत रचला, त्यांना शब्द कमी पडले नाहीत.

तिसरा आक्षेप कुजबुजत येतो : मराठीत बोललो तर ते कीर्तन-प्रवचनासारखं होईल, आपण त्यांच्यात मिसळून जाऊ. मग तमिळ मुसलमान मिसळून गेले का? ते जुम्याला तमिळमध्येच ऐकतात, आणि त्याला म्हणतात काय, तर ‘बयान’च. बंगालीत ‘वाज महफिल’ला शेतं भरून लोक बसतात, सगळं बंगालीत. केरळात तोच वाज ‘वअळ’ होतो, चक्क आपल्या ‘ळ’चा उच्चार घेऊन, आणि रात्र रात्र मल्याळममध्ये चालतो. तिथं वाद आहे तो अरबी खुतब्याचा : मुजाहिद मंडळी खुतबाही मल्याळममध्ये देतात, समस्तचे उलमा अरबीच ठेवतात. पण लोकांशी मल्याळममध्ये बोलायचं, यावर दोघांचं एकमत आहे. यातला कोणता मुसलमान आपल्यापेक्षा कमी मुसलमान आहे? उलट विचारतो, शाळांची, मदरशांची, वाचनाची केरळातली स्थिती आपल्यापेक्षा वाईट आहे की बरी?

आणि प्रवचनाची एवढी भीती कशाला? प्र आणि वच्, पुढं होऊन बोलणं, समजावून सांगणं; शब्दाचा अर्थ बयानाच्या जवळचाच. विनोबांच्या आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिनं मराठीत मागितली. 1932 मध्ये ‘गीताई’ आली आणि आज वर्ध्यात गोपुरीला ती शिळांवर कोरून उभी आहे. हेच विनोबा पवनारला अरबी शिकून कुराण वाचत होते. एका आईला कळावं म्हणून एका मुलानं केलेलं काम आपल्या डोळ्यांसमोर दगडात उभं आहे. त्यातून शिकायला बाटावं लागत नाही. आणि मातृभाषेचा आग्रह ही काही परक्यांची देणगी नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला याच वर्धा शहरात शिक्षण परिषद भरली, मुलांना मातृभाषेत शिकवावं असं ठरलं, आणि ती योजना आखायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. जाकिर हुसैन. जामियाचा कुलगुरू आपल्या गावात येऊन सांगून गेला, की मूल त्याच्याच भाषेत शिकतं. शाळेला लागू होतं ते मशिदीला का लागू होऊ नये?

एक सावधगिरी मात्र हवी. हे काम सरकारनं करायचं नाही. तुर्कस्तानात अतातुर्कच्या राजवटीत खुतबा तुर्की झाला तिथं थांबलं नाही. 1932 पासून अजानही तुर्कीत सक्तीची झाली, आणि 1950 मध्ये सक्ती उठताच लोक आनंदानं अरबी अजानकडे परतले. आपल्याकडे 2024 मध्ये छत्तीसगढच्या वक्फ बोर्डानं फर्मान काढलं, की जुम्याच्या बयानाचा विषय आधी मंजूर करून घ्या. अशा लोकांना मराठी बयान हवं असेल तर त्यांच्या कानांसाठी. मला हवं ते माझ्या अम्मीच्या कानांसाठी. दोन्हीत फरक आहे आणि तो आपणच राखायचा. शेजाऱ्यालाही भोंग्यातून काय चाललंय ते कळेल, संशय कमी होईल, हा फायदा होईल तर होवो. पण शेजाऱ्याला खूश करण्यासाठी कुणी दीन बोलत नाही.

मौलानांना मराठी येत नाही, ही खरी अडचण आहे आणि ती मी हलकी समजत नाही. आपले बरेच इमाम उत्तर प्रदेश-बिहारातून येतात, पोटापाण्यासाठी, घरदार सोडून. त्यांना कुणी मराठी शिकवलं? ट्रस्टनं कधी दोन पुस्तकं तरी घेऊन दिली? आणि गावात मराठी शिकलेले आपल्यासारखे पोरं-पोरी आहेत, ते काय करतात? मौलानांसोबत गुरुवारी संध्याकाळी तासभर बसा. ते उर्दूत सांगतील, तुम्ही मराठीत उतरवा. जुम्याला बयानानंतर दहा मिनिटं एकानं उठून ते वाचावं, मूसा अल-उसवारीच्या डाव्या बाजूसारखं. त्याचं एक पान दाराशी चिकटवावं, फोनवरून घरच्या बायकांना पाठवावं, आवाजात रेकॉर्ड करून. कारण माझ्या फुफीला अक्षर वाचता येत नाही. आणि नमाजेनंतर अर्धा तास पुरशीस. ज्याला जे विचारायचं ते त्यानं विचारावं : सावकाराचं व्याज, पीकविमा, मुलीच्या लग्नातला हुंडा, तलाकनंतरचा मेहर. उत्तर येत नसेल तर मौलानांनी ‘पुढच्या जुम्याला सांगतो’ म्हणावं. त्यात कमीपणा नाही.

आमच्या मशिदीच्या ट्रस्टला आम्ही सात जणांनी असा अर्ज दिलाय, मराठीत, एका पानाचा. दोघांनी सही करताना विचारलं, की पहिला विषय दुसरा काही घेता येईल का, नमाजेची फजीलत वगैरे. आम्ही नाही म्हटलं. पहिला विषय अर्जात लिहून दिलाय : ‘बहिणीचा वाटा, हक्कसोडपत्र आणि सातबारा’. ट्रस्टची बैठक बकरी ईदनंतर आहे. त्या दिवशी फुफी आमच्याकडं येणार आहे. गट नंबरवाला कागद मी तिच्यासाठी परत लिहून ठेवलाय, यावेळी मोठ्यानं वाचून दाखवायला.